लहान कण पटकन जातात ना? मग कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या पुढे कसा काय?

शंकासूर

भाचा बारावीला आहे, त्याचं बायो घेतेय सध्या, म्हणजे घेतेय म्हणण्यापेक्षा त्याच्यासोबत मीच परत शिकतेय म्हणा. विसरणाचा (डिफ्यूजन, म्हणजे कण दाटीकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणं) वेग कशाकशावर अवलंबून असतो याची नेहमीची यादी आहे त्याच्याकडे: दोन बाजूंच्या संहतीतला (म्हणजे पदार्थाच्या दाटपणातला) फरक, तापमान, कणाचा आकार, पडद्याची जाडी, पृष्ठफळ. पाठ करायला सोपी. पण काल त्याने विचारलं की कण लहान तर वेग जास्त ना, मग कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ आणि ऑक्सिजनचा ३२, तरी श्वसनाच्या धड्यात लिहिलंय की फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या २० पट सहज आरपार जातो, हे कसं? आणि सोडियमचा आयन तो केवढासा, २३, तो पेशीच्या पटलातून आपला आपण जात नाही आणि टेस्टोस्टेरॉन २८८, तो मात्र खुशाल आत शिरतो. मी तेवढ्यापुरतं "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली.

दुसरा प्रश्न माझा. या पाचातल्या कुठल्या गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो? यादीत सगळे एका रांगेत बसवलेत जणू सगळ्यांचं वजन सारखंच. परीक्षेपुरतं नकोय, जरा नीट कळायला हवंय.

पिपेटवाला

भाचा हुशार आहे, जपा त्याला.

यादी चुकीची नाहीये, अर्धवट आहे. कण लहान तर वेग जास्त हा हिशोब कण एकाच माध्यमात फिरतायत तेव्हाचा, सगळे हवेत किंवा सगळे पाण्यात. ग्रॅहम नावाच्या शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात वायूंवर प्रयोग करून दाखवलं की वेग रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आता हे वर्गमूळ फार महत्त्वाचं आहे कारण त्यामुळे वजनाचा परिणाम एकदम बोथट होतो. हायड्रोजन ऑक्सिजनपेक्षा १६ पट हलका पण वेग चौपटच. ४४ आणि ३२ चं काढाल तर फरक जेमतेम १७ टक्के, म्हणजे ऑक्सिजन थोडासा पुढे, बास.

पण मध्ये पडदा आला की कणाला आधी त्या पडद्यात विरघळावं लागतं, मग पलीकडे जायचं. जो विरघळतच नाही त्याचं पडद्यातलं प्रमाण जवळजवळ शून्य, मग बाहेर कितीही गर्दी असू दे. फुप्फुसातला पडदा ओला असतो, आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनच्या साधारण २४ पट विरघळतो. वजनामुळे त्याचा वेग ऑक्सिजनच्या ०.८५ पट होतो, २४ गुणिले ०.८५ करा, २० च्या आसपास येतं. तेच ते २० पट. भाच्याला हा गुणाकार स्वतः करायला लावा, परत कधी विसरणार नाही.

सोडियमचंही तसंच पण जास्त टोकाचं. पेशीपटलाचा मधला भाग तेलकट असतो आणि सोडियमच्या आयनाला विद्युतभार असल्यामुळे पाण्याचे रेणू त्याला घट्ट चिकटून असतात, ते सगळे सोडून तेलात शिरायचं म्हणजे प्रचंड ऊर्जा लागते, ती त्याला मिळतच नाही. नुसत्या लिपिडच्या (चरबीसारख्या पदार्थाच्या) पटलातून पाणी जितकं सहज जातं त्याच्यापुढे सोडियम साधारण अब्ज पटींनी मागे आहे. अब्ज! टेस्टोस्टेरॉन मोठा असला तरी स्टेरॉइड आहे, तेलकट, तो पटलात घरच्यासारखा मिसळतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओव्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने कितीतरी पदार्थ पेशींवर वापरून हेच दाखवलं होतं, जो पदार्थ तेलात जास्त विरघळतो तो पेशीत लवकर शिरतो. तेव्हा पटल कशाचं बनलंय हे कुणाला धड माहीतही नव्हतं, या निरीक्षणावरूनच अंदाज आला की ते चरबीसारख्या कशाचं तरी असणार.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: यादीत जो मुद्दा नाहीच तो सगळ्यात मोठा. कण आणि पडदा यांचं एकमेकांशी किती जमतं तो.

काठावर_पास

वाखुसा (वाचनखूण साठवली).

आमच्या वेळी हे असं कुणी सांगितलं असतं तर आयडी वेगळा असता.

एक शंका माझीपण. तापमान २० वरून ४० केलं तर वेग दुप्पट होणार ना? क्लासच्या नोट्समध्ये असंच काहीतरी होतं असं आठवतंय.

डोकेफोड

@काठावर_पास, नाही होत. सेल्सिअसमधलं २० चं ४० म्हणजे दुप्पट तापमान नव्हेच, केल्विनमध्ये ते २९३ चं ३१३ होतं, वाढ जेमतेम ७ टक्के. वायूत यामुळे वेग थोडाच वाढतो, १०-१२ टक्के धरा. पाण्यात मात्र गंमत आहे. २० ते ४० अंशात पाण्याचा चिकटपणा, व्हिस्कॉसिटी हो, जवळजवळ एकतृतीयांशाने उतरते आणि कणाला अडथळा तिचाच असतो, त्यामुळे पाण्यात विसरण ६०-६५ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे "कणांना ऊर्जा मिळते म्हणून ते जोरात पळतात" हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते पाण्याच्या बाबतीत गोष्टीचा लहान भाग आहे, मोठा भाग पाणी पातळ होण्याचा. पेशीपटलातून जाताना तापमानाचा परिणाम याहूनही जास्त असू शकतो, पण दुप्पट तापमान म्हणून दुप्पट वेग हे सरळ गणित कुठेच बसत नाही.

अवांतर: बीटचे तुकडे गरम पाण्यात टाकून लाल रंग किती बाहेर येतो तो प्रयोग असतो बघा, त्यात ५० अंशांच्या पुढे रंग एकदम भसाभसा सुटतो आणि मुलं लिहून मोकळी होतात की तापमानामुळे विसरण वाढलं. अहो तिथे पडदाच फाटला! पटलातली प्रथिनं बिघडली, लिपिड सैल झाली. तो विसरणाच्या वेगाचा नाही, पटल कधी निकामी होतं त्याचा प्रयोग आहे.

आता शंकासूरताई तुमच्यासाठी. पिपेटवाल्यांशी सहमत, पण मी अंतराला त्यांच्याइतकंच वजन देईन. अडॉल्फ फिक म्हणून जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ, त्याने १८५५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, उष्णतेच्या वहनाचं जे गणित आधीच माहीत होतं तेच धरून विसरणाचा नियम मांडला. पडद्यातून दर सेकंदाला किती माल जाईल तर पृष्ठफळ गुणिले दोन बाजूंचा फरक, भागिले जाडी, आणि या सगळ्याला त्या जोडीचा एक स्थिरांक. म्हणजे पृष्ठफळ दुप्पट तर प्रवाह दुप्पट, जाडी दुप्पट तर प्रवाह निम्मा. इथपर्यंत सगळं सरळ.

पण एखाद्या कणाला अमुक अंतर कापायला किती वेळ लागेल हा प्रश्न वेगळा. कण सरळ रेषेत जात नाहीत, कुठेही धडका खात फिरतात, निम्मी पावलं मागेच जातात. त्यामुळे वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आइनस्टाइनने १९०५ च्या पेपरात काढलंय. ऑक्सिजन पाण्यात धरा: १० मायक्रॉन, म्हणजे एका लहानशा पेशीएवढं अंतर, सेकंदाच्या विसाव्या भागात. १ मिलिमीटरला साधारण ८ मिनिटं. १ सेंटीमीटरला १४ तास. १ मीटर जायला म्हणाल तर १५-१६ वर्षं. हे आकडे बघितले की कळतं की मोठ्या प्राण्यांना हृदय आणि रक्त का लागतं. नुसत्या विसरणावर पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन पोचायचा तर मूल शाळा संपवून बाहेर पडेल. चपटे कृमी रक्ताभिसरणाशिवाय जगतात कारण ते चपटे आहेत, त्यांची कुठलीच पेशी पृष्ठभागापासून फार लांब नसते.

काठावर_पास

थांबा थांबा. आधी म्हणालात जाडी दुप्पट तर प्रवाह निम्मा, आता म्हणताय अंतर दुप्पट तर वेळ चौपट. नक्की काय? दुप्पट की चौपट?

डोकेफोड

दोन्ही खरं, प्रश्न दोन आहेत. कोरा पडदा घेतला आणि एका बाजूला रंग ओतला तर पलीकडे रंग दिसायला लागायचा वेळ चौपट होणार. पण एकदा पडदा भरला, आतमध्ये उतार तयार झाला आणि दोन्ही बाजूंची संहती तुम्ही तशीच धरून ठेवलीत की मग दर सेकंदाला बाहेर पडणारा माल फक्त निम्मा होतो. परीक्षेत "दर" विचारला असेल तर फिक, "किती वेळात पोचेल" विचारलं तर वर्ग. बरेच घोळ इथेच होतात.

शंकासूर

बापरे, एवढं! सगळ्यांचे आभार. पंधरा वर्षंवालं भाच्याला वाचून दाखवलं, तो आता सगळ्यांना विचारत सुटलाय.

यावरून एक विचारते. भाच्याच्या कॉलेजात अगारच्या (जेलीसारखा पदार्थ) ठोकळ्यांचं प्रात्यक्षिक झालं, गुलाबी रंगाचे १, २ आणि ३ सेंटीमीटरचे ठोकळे आम्लात टाकायचे आणि कितपत रंग गेला ते बघायचं. निष्कर्ष असा लिहून दिलाय की "मोठ्या ठोकळ्यात विसरण हळू होते". डोकेफोड म्हणतात तसं बघितलं तर आम्लाला काय माहीत ठोकळा केवढा आहे ते?

पिपेटवाला

अगदी! आम्लाला काहीही माहीत नसतं. ठोकळे मधोमध कापून रंग गेलेल्या कडेची जाडी पट्टीने मोजा, तिन्हींत सारखीच येईल (कोपरे सोडून, तिथे दोन-तीन बाजूंनी आत येतं). बदलतं ते प्रमाण. समजा तिन्हींत आम्ल पाव सेंटीमीटर आत शिरलं. १ सेंटीमीटरच्या ठोकळ्यात मध्ये अर्ध्या सेंटीमीटरचा गुलाबी ठोकळा उरतो, म्हणजे ८७ टक्क्यांहून जास्त भाग पांढरा झालेला. २ च्या ठोकळ्यात ५८ टक्के आणि ३ च्या ठोकळ्यात ४२ टक्के. वेग तोच, पण पृष्ठफळ आणि घनफळाचं गुणोत्तर ६, ३, २ असं उतरत गेलं. म्हणून "मोठ्या ठोकळ्याचा कमी हिस्सा भिजला" असं लिहायला हवं. पेशी लहान का असतात त्याचं एक कारण हेच आहे आणि ते हळू विसरणाने समजावलं की सगळा मुद्दा हुकतो.

मार्क कापतील का ते मला विचारू नका.

रात्रपाळी

मी डायलिसिस युनिटमध्ये (किडनी निकामी झालेल्यांचं रक्त मशीनने साफ करतात तिथे) टेक्निशियन आहे, आमचं सगळं कामच पडद्यातून विसरण आहे तर मला राहवेना. वरची चर्चा भारी आहे पण एक गोष्ट सगळ्यांनी घाईघाईत ओलांडली, संहतीतला फरक. पुस्तकात तो असा लिहिलेला असतो की जणू एकदा ठरला की ठरला. प्रत्यक्षात फरक स्वतःच मरत असतो. इकडून तिकडे माल गेला की इकडे कमी, तिकडे जास्त, आणि थोड्या वेळात सगळं सारखं होऊन काम ठप्प. (कण तेव्हाही जातच असतात, दोन्हीकडून सारखे जातात एवढंच.) त्यामुळे खरी मेहनत फरक टिकवण्यात असते.

आमच्या डायलायझरमध्ये, म्हणजे रक्त साफ करणाऱ्या नळीत, केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचे हजारो धागे असतात, सगळे मिळून पृष्ठफळ दीड-दोन चौरस मीटर भरतं, धरायला मात्र हातात मावेल एवढी नळी. आतून रक्त जातं मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या आसपास आणि बाहेरून डायलिसिसचं द्रावण ५०० च्या आसपास, आणि ते उलट्या दिशेने. उलट का, तर रक्त पुढे जाताना त्यातला युरिया कमी होत जातो आणि जिथे तो सगळ्यात कमी उरलाय तिथे त्याला एकदम कोरं द्रावण भेटतं, म्हणजे नळीच्या टोकापर्यंत फरक जिवंत राहतो. दोन्ही एकाच दिशेने सोडलं तर सुरुवातीला जोरात काम होतं आणि पुढे अर्धी नळी नुसती बसून राहते. माशांच्या कल्ल्यांत पाणी आणि रक्त असंच उलट वाहतं.

आणखी एक, जे भाच्याला नक्की सांगा. फरक हा प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा असतो, एकूण द्रावणाचा नाही. द्रावणात युरिया नसतोच म्हणून युरिया बाहेर येतो, पोटॅशियम रक्तापेक्षा कमी ठेवलेलं असतं म्हणून तेवढंच उतरतं, आणि बायकार्बोनेट मुद्दाम रक्तापेक्षा जास्त ठेवतात म्हणून ते उलटं आत शिरतं. एकाच पडद्यात, एकाच वेळी, दोन दिशांना. हे बघितलं की "जास्तीकडून कमीकडे" या वाक्याचा अर्थ खरा उमगतो.

आकाराचं म्हणाल तर इथे पडद्याला छिद्रं आहेत त्यामुळे आकार खरंच चालतो. युरिया ६०, सुळकन जातो. व्हिटॅमिन बी१२ चा भार साधारण १३५५, तो बराच रेंगाळतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन ६६,००० च्या घरात, ते अडतं आणि अडायलाच हवं. पण फॉस्फेट बघा, ते काही मोठं नाही, तरी आमच्या पेशंट्सचं फॉस्फेट उतरवताना घाम फुटतो. कारण ते बहुतेक रक्ताबाहेर, हाडांत आणि पेशींच्या आत असतं, तिथून रक्तात यायलाच वेळ लावतं. पहिल्या तासात रक्तातलं उतरतं, मग काढायला समोर फारसं उरतच नाही, आणि मशीन बंद केल्यावर परत वर चढतं. म्हणजे अडसर आमच्या पडद्याचा नाहीच, आधीच्या पडद्याचा. एकामागे एक अडथळे असले की सगळ्यात संथ असलेला वेग ठरवतो, बाकीचे कितीही सुधारा. डॉक्टर म्हणूनच वेळ वाढवायला सांगतात, नुसता मोठा डायलायझर लावून भागत नाही.

जाता जाता: विलेम कोल्फने १९४३ मध्ये हॉलंडमध्ये, युद्ध चालू असताना, जे पहिलं उपयोगी मशीन केलं ते सेलोफेनची नळी फिरत्या ड्रमला गुंडाळून. ड्रम फिरला की नळीतलं रक्त पुढे सरकायचं, आणि पडद्याला चिकटून जो द्रावणाचा थर साचतो तोही हलता राहायचा. न ढवळलेला थर हा पण एक पडदाच असतो, जाडी वाढवणारा, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

अर्धवटराव

@रात्रपाळी भन्नाट प्रतिसाद, यावर वेगळा धागा काढा की.

एक भर. ग्लुकोज, अमिनो आम्लं यांच्यासाठी पटलात वाहक प्रथिनं असतात आणि तिथे फिकचा सरळ नियम एका मर्यादेनंतर चालत नाही. सुरुवातीला फरक वाढवला की वेग वाढतो, मग सगळे वाहक गुंतले की वेग तिथेच अडकतो, तिकीट खिडक्या चारच असल्या की बाहेर रांग कितीही लांब होवो, मिनिटाला तिकिटं तेवढीच फाटणार. ग्राफमध्ये रेष सरळ वर न जाता वाकून आडवी झाली की समजायचं हे साधं विसरण नाही. बारावीला हा ग्राफ हमखास विचारतात. पाण्यासाठीसुद्धा वेगळे मार्ग असतात, ॲक्वापोरिन, पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं.

आणि पेशी फरक कसा टिकवते तेही मजेशीर आहे. ग्लुकोज आत आलं की लगेच त्याला फॉस्फेट जोडून टाकते, मग ते "ग्लुकोज" म्हणून मोजलंच जात नाही आणि परत बाहेरही जाऊ शकत नाही. आतली संहती कायम कमी, त्यामुळे बाहेरून येणं चालूच.

शंकासूर

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद प्रिंट करून ठेवणारे. शेवटचं विचारते मग त्रास नाही देत. कार्बन डायऑक्साइड जर २० पट सहज जातो तर शरीरातून ऑक्सिजन आत येण्यापेक्षा तो २० पट जास्त का नाही बाहेर पडत? की पडतो?

पिपेटवाला

त्रास कसला, हाच तर खरा प्रश्न आहे. नाही पडत, विश्रांतीत मिनिटाला ऑक्सिजन साधारण २५० मिलिलिटर आत आणि कार्बन डायऑक्साइड २०० बाहेर. कारण फरक बघा. वायूंच्या बाबतीत संहतीऐवजी आंशिक दाब (मिश्रणात त्या एका वायूच्या वाट्याचा दाब) धरायचा. ऑक्सिजनचा वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशवीत) १०४ आणि आत येणाऱ्या रक्तात ४० मिमी पारा, फरक ६४. कार्बन डायऑक्साइडचा रक्तात ४५ आणि वायुकोशात ४०, फरक फक्त ५. ढकलणारा जोर बारा-तेरा पट कमी, म्हणून सहज जाण्याचा फायदा तिथेच खर्च होतो. उलट म्हणा ना, तो इतका सहज जातो म्हणून ५ चा फरक पुरतो.

याचा परिणाम आजारात दिसतो. फुप्फुसाचा पडदा साधारण अर्धा मायक्रॉन जाड आणि पृष्ठफळ ७० चौरस मीटरच्या आसपास. फायब्रोसिसमध्ये जाडी वाढते, एम्फिसीमात वायुकोशांच्या भिंती मोडून पृष्ठफळ घटतं. फायब्रोसिसमध्ये रक्तातला ऑक्सिजन आधी उतरतो, कार्बन डायऑक्साइड बराच काळ ठीक असतो, कारण त्याच्याकडे सवड खूप आहे. ऑक्सिजनकडेही थोडी असते, रक्तपेशी केशवाहिनीत पाऊण सेकंद असते आणि निरोगी माणसात पाव सेकंदातच भरून घेते. म्हणून सुरुवातीच्या आजारात बसल्या जागी काही जाणवत नाही, जिना चढताना रक्त भरभर जायला लागतं, वेळ कमी पडतो आणि मग धाप लागते.

रात्रपाळी

आणि तो पडदा किती बिघडलाय हे मोजायला जी टेस्ट करतात त्यात ऑक्सिजन वापरतच नाहीत, अगदी थोडासा कार्बन मोनॉक्साइड हुंगवतात. तो हिमोग्लोबिनला इतका घट्ट धरतो की रक्तातला त्याचा आंशिक दाब जवळपास शून्यच राहतो, म्हणजे पलीकडच्या बाजूची भानगडच मिटली. पेशंट दहा सेकंद श्वास धरतो, मग बाहेर सोडलेल्या हवेत किती कमी झाला ते बघायचं. भाच्याला विचारा ऑक्सिजनने हीच टेस्ट का जमत नाही, वरचं सगळं कळलं असेल तर स्वतःच सांगेल.